बर्फ आणि कागदी ताटल्या

कोबीचा दुसरा गड्डा व्हर्लीन हातात तोलून बघत होती तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन थरथरला. तिनं गड्डा ट्रॉलीत ठेवला, चष्मा नाकावर चढवला आणि दुकानाच्या त्या गारढोण कोपऱ्यात उभी राहून भाचीनं पाठवलेली यादी वाचली. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची यादी. त्या दिवशी तिच्या भावाच्या, लेमुएलच्या मागच्या अंगणात सगळं गणगोत जेवायला जमायचं, गेली अडतीस वर्षं. कुणी काय आणायचं ते पूर्वी लेमुएलची बायको ऑपल फोनवर तोंडी सांगायची. तोंडी म्हणजे काय, भांडत. आता त्यांची मुलगी जोनेल शाळेत मुख्याध्यापिका झाली होती आणि माणसांना चौकोनात बसवायची तिला सवय लागली होती. बाबा – बरगड्या, कोंबडी, सॉसेज. आई – चीज घातलेली मॅकरोनी, पीचचं गोड. मग बीन्स कुणाकडे, बटाट्याचं सॅलड कुणाकडे. व्हर्लीननं बोटानं यादी वर सरकवली. तिचं नाव अगदी तळाला होतं. व्हर्लीन आत्या – बर्फ आणि कागदी ताटल्या. शेजारी एक हसरा पिवळा चेहरा.

तिनं ते पुन्हा वाचलं. मागून कुणीतरी "जरा सरकता का?" म्हणालं आणि ती सरकली नाही. बर्फ. आणि कागदी ताटल्या. त्या घराण्यात बर्फ आणि ताटल्या कुणाला सांगतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न होऊन पहिल्याच उन्हाळ्यात आलेल्या सुनेला सांगतात, जिच्या हाताची चव अजून कुणी बघितलेली नाही. नाहीतर सांगतात व्हर्लीनच्या त्या मामेभावाला, ज्यानं एकदा विकतचं कोबीचं सॅलड स्वतःच्या काचेच्या भांड्यात ओतून आणलं होतं आणि दुकानाचा डबा गाडीच्या टपावर तसाच विसरून आला होता. सव्वीस वर्षं तो बर्फच आणत आला. यंदा त्याला लिंबाचं सरबत सांगितलं होतं. म्हणजे त्याला बढती मिळाली, आणि त्याची रिकामी झालेली खुर्ची मला, व्हर्लीनच्या मनात आलं. मला! जिच्या नावापुढं तीस वर्षं एकच शब्द असायचा. तोही लिहावा लागत नसे. व्हर्लीन येणार म्हणजे चाऊ-चाऊ येणार, ते आंबटगोड लोणचं. कच्चे टोमॅटो, कोबी, कांदा, ढोबळी मिरची, तिखट मिरची, मोहरी, हळद, साखर, व्हिनेगर. तिच्या आईनं मिसिसिपीहून शिकागोला येताना सोबत आणलेली एवढी एकच इस्टेट. व्हर्लीननं फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली, आणि कोबीचा तिसरा गड्डा उचलून ट्रॉलीत आदळला. चुलीत गेली तुमची यादी.

दुकानाच्या गाड्या ठेवायच्या जागेत एक म्हातारा ट्रक लावून दक्षिणेकडचा माल विकायचा. त्याच्याकडून तिनं पिशवीभर कच्चे टोमॅटो घेतले, घट्ट, हिरवे, दगडासारखे. मग सगळं ओझं पायापाशी घेऊन ती एकोणऐंशीव्या रस्त्याच्या बसमध्ये चढली. ही बस तिनं एकतीस वर्षं चालवली होती. अजूनही ती प्रवासी म्हणून बसली की वळणावर तिचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. खिडकीबाहेर ऊन रटरटत होतं, रस्त्याकडेच्या बंबाच्या नळांच्या तोट्या उघडून पोरं भिजत होती, आणि व्हर्लीनच्या डोक्यात टेबल मांडलं जात होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी दर जूनमध्ये ते मांडलं जायचंच. जेवणाचं टेबल म्हणजे एक रस्ता असतो हे त्या घरात फक्त तिला कळलं होतं. माणूस एका टोकाला चढतो, दुसऱ्या टोकाला उतरतो, मधे त्याला कुठं थांबवायचं हे ठरवावं लागतं. पाव आधी, मग मांस. बरगड्यांच्या शेजारी पातळ, आंबट, तिखट सॉस, घट्ट गोड सॉस जरा लांब, नाहीतर लोक त्यातच बुडवून ठेवतात आणि मांसाची चव मरते. पिवळी मोहरी सॉसेजजवळ. केचप पोरांच्या टेबलावर, मोठ्या माणसाला सॉसेजवर केचप घ्यायचं असेल तर त्यानं उठून पोरांच्यात जावं आणि लाज वाटून घ्यावी. व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या उघड्या बशीत, कांदा बर्फाच्या पाण्यात. आणि बीन्सच्या नंतर, पालेभाजीच्या आधी, बरोबर तिथं, चाऊ-चाऊ. कारण तोवर ताटली जड झालेली असते, गोड आणि तेलकट झालेली असते, आणि तिला कुणीतरी जागं करायला हवं असतं. मांस पुरुष भाजतात, टाळ्या घेतात, पण जेवण जेवण होतं ते तोंडीलावण्यानं. हे आई म्हणायची. आई आणखी एक म्हणायची: जीभ खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. बारा वर्षांच्या व्हर्लीनपुढं लाकडी चमचा धरून ती उभी राहायची. "सांग. काय कमी आहे? चांगलं झालंय म्हणालीस तर कानाखाली देईन. चांगलं तर होणारच, मी केलंय. काय कमी आहे ते सांग." आणि व्हर्लीन डोळे मिटून सांगायची. साखर. मोहरी. मीठ. तिचं कधी चुकलं नाही. त्या स्वयंपाकघरात सहा भावंडं होती, पण चमचा तिच्याचपुढं यायचा.

मग मागच्या वर्षीचं ते कचऱ्याचं पिंप आठवलं. आठवलं म्हणजे ते गेलं कुठं होतं? वर्षभर ते तिच्या पोटात उघडंच होतं. मागच्या चार जुलैला जेवणं झाल्यावर ती अंगण आवरायला उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण बसून राहायची तिची जात नव्हती. पिंपाचं झाकण उचललं तर आत कागदी ताटल्या, एकीवर एक. हाडं चोखून पांढरी केलेली, मॅकरोनीचा कणही नाही, बीन्सचा रस पावानं पुसून घेतलेला. आणि प्रत्येक ताटलीवर कडेला पिवळा ढीग. एक चमचा घेतलेला, टोकाला जरासा उकरलेला, आणि तसाच सोडलेला. तिनं वरच्या दोन उचलल्या, खालच्या बघितल्या. सगळीकडे तेच. म्हणजे प्रत्येकानं तिच्यासमोर वाढून घेतलं होतं, "वा, व्हर्लीन, वा" म्हणत वाढून घेतलं होतं, आणि मग तिची पाठ फिरल्यावर. तिनं पिशवीला गाठ मारली आणि ती स्वतः मागच्या गल्लीत नेऊन टाकली. घरी निघताना ऑपलनं तिच्या हातात रिकाम्या बरण्या दिल्या, धुतलेल्या, पुसलेल्या, चकचकीत. "चाटूनपुसून संपवलं गं लोकांनी," ऑपल म्हणाली. ती तेव्हा व्हर्लीनकडे बघत नव्हती, बरणीच्या झाकणाकडे बघत होती. चाळीस वर्षांचं वहिनीचं नातं. जिनं एकदा भर चर्चच्या पायऱ्यांवर व्हर्लीनला "तुझी टोपी म्हणजे वाटेत मेलेलं कबुतर" असं सांगितलं होतं, ती ऑपल खोटं बोलली. आणि गोड बोलली. व्हर्लीनला ताटल्यांपेक्षा ते जास्त लागलं. माणसं आपल्याशी गोड बोलायला लागली की समजावं, आपली तिरडी बांधायला घेतलीय.

आणि चूक काय झाली होती हे तिला माहीत नव्हतं. ही खरी गंमत. चमचा तोंडात घालून ती बघू शकत होती, बघितलंही होतं, गल्लीत, अंधारायच्या आधी, त्या पिशवीतलंच. काही कळलं नाही. कारण त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात तिला ताप आला, तीन आठवडे अंथरुणाला खिळली, आणि ताप गेला तेव्हा नाक आणि जीभ घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते पाव जळताना. स्वयंपाकघर धुरानं भरलं, भिंतीवरचा भोंगा केकाटायला लागला, आणि ती खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. मग तिनं घरभर हिंडून सगळं हुंगून बघितलं. कॉफी. अमोनिया. क्लीव्हनचा, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, कपाटातला कोट, ज्यात तोंड खुपसलं की बारा वर्षांनंतरही तंबाखू आणि केसांचं तेल यायचं. काही नाही. कोट म्हणजे नुसतं कापड. त्या दिवशी ती कपाटासमोर जमिनीवर बसून मोठ्यानं रडली, नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, येईल परत, नाहीतर नाही येणार. त्याला काय, त्याचं जेवण झालेलं होतं. व्हर्लीननं कुणाला सांगितलं नाही. भाताचा घास म्हणजे ओली रुई, मांस म्हणजे दोरी, तरी ती सगळ्यांच्या घरी जेवली आणि सगळीकडे अहाहा म्हणाली. ख्रिसमसला ऑपलनं नारळाचा केक केला, त्यालाही म्हणाली. सांगणार तरी काय आणि कुणाला? आंधळ्या ड्रायव्हरला गाडीवर बसू देत नाहीत. तिला वाटलं, हात जाणतो. साठ वर्षांचा हात आहे, त्याला जिभेची काय गरज! आणि मग ते पिंप. तेव्हापासून त्यांनी आपसात ठरवून टाकलं की व्हर्लीनचं डोकं फिरायला लागलंय. जोनेल फोनवर तिच्याशी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. "आत्या, आज वार कोणता आहे सांग बघू?" असं हसत हसत विचारायची. व्हर्लीन म्हणायची, "पगाराचा."

घरी येऊन तिनं पदर खोचल्यासारखा ॲप्रन करकचून बांधला आणि चिरायला बसली. खिडकीतला पंखा गरम हवा आत ढकलत होता. टोमॅटो, मग कोबी, मग मिरच्या, मग कांदे, आणि कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला बरंच वाटलं, निदान डोळे तरी अजून मोहल्ला सोडून गेले नव्हते. मोठ्या पातेल्यात थर लावले. भाजीचा थर, त्यावर मीठ, भाजीचा थर, त्यावर मीठ. हे मीठ रात्रभर भाजीतलं पाणी ओढतं, सकाळी सगळं उशीच्या अभ्र्यात भरून न्हाणीच्या नळाला टांगायचं, पिळायचं, आणि मग व्हिनेगरात शिजवायचं. पाण्यानं धुवायचं मात्र नाही. आईचा दंडक. धुणाऱ्या बायकांना आई नावं ठेवायची. म्हणायची, भाजी धुतली की तिची अक्कलही जाते. दुसरा थर झाला, तिसरा झाला, आणि फोन वाजला.

"आत्या, यादी बघितलीस?" जोनेल.

"बघितली."

"म्हणजे तुला त्रास नको म्हणून हं. इतकी वर्षं केलंस, आता जरा आराम कर. आम्ही आहोत ना."

"तुम्ही आहात म्हणूनच काळजी वाटते."

"आत्या!" जोनेल हसली, पण ते शाळेतलं हसू होतं, पालक भेटायला आले की हसतात तसलं. "आणि बर्फ म्हणजे काय कमी महत्त्वाचं नाही. बर्फाशिवाय जेवण होईल का?"

"तोंडीलावणं कुणाकडे दिलंयस?"

"ते विकतचं आणतोय. छोट्या छोट्या पुड्या मिळतात हल्ली. कचरा कमी होतो."

"कचरा कमी होतो," व्हर्लीन म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी आलं असावं, कारण जोनेलनं एकदम हवामानाचं काढलं, मग लेमुएलच्या गुडघ्याचं, मग "पाणी पीत जा हं भरपूर" म्हणून फोन ठेवला. पुड्या! बोटभर पुड्या, दातानं फाडायच्या. आईच्या मोहरीच्या जागी प्लास्टिकची पुडी. व्हर्लीनचं डोकं असं तापलं की कपाळ ठणकायला लागलं. तावातावानं ती ओट्याशी आली, मिठाचा डबा उचलला, पातेल्यावर वाकडा केला आणि पहिले दाणे पडले.

आणि हात थांबला. वरच्या थरावर मीठ आधीच होतं का? दाणे दिसत होते, पण ते आत्ताचे की मघाचे? तिनं वाकून बघितलं, बोटानं उकरलं. पाणी सुटायला लागलं होतं, मीठ विरघळत होतं, डोळ्यांना काही सांगता येईना. पूर्वी अशा वेळी काय करायची ती? काहीच नाही. कोबीची एक कातळी उचलायची, तोंडात टाकायची, कळायचं. इतकं सोपं की ते आपण करतो हेही तिला कधी कळलं नव्हतं. डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली, आणि मागच्या वर्षीची ती संध्याकाळ समोर येऊन उभी राहिली, जशीच्या तशी. तेव्हाही फोन वाजला होता. लेमुएल होता. कोळसा कुठला आणू म्हणून पाऊण तास डोकं खात होता. ती परत आली होती, असाच डबा उचलला होता, आणि न थांबता सगळ्या थरांचं मीठ वरून पुन्हा ओतलं होतं. दोनदा मीठ. अरे देवा. एवढंच? वर्षभर ती रात्री डोळे उघडे ठेवून पडली होती, स्वतःला वार विचारत होती, रस्त्यांची नावं क्रमानं आठवून बघत होती, एकोणऐंशीव्या रस्त्याचे सगळे थांबे पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उलट, कारण तिलाही आतून वाटायला लागलं होतं की ते म्हणतात ते खरं असेल. आणि होतं काय, तर एक फोन आणि मेलं मीठ! ते कुणीही सांगू शकलं असतं. एका शब्दाचं काम होतं. खारट. चाळीस माणसांत एकाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. व्हर्लीन ओट्याला टेकली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला असा राग आला की हसू थांबलं. रागातच तिनं वरच्या थराला अंदाजानं मीठ घातलं आणि पातेलं झाकलं.

सकाळी तिनं भाजी अभ्र्यात भरली, नळाला टांगली, आणि बराच वेळ त्या लोंबत्या पिशवीकडे बघत बसली. हिरवं पाणी न्हाणीत ठिपकत होतं. आत मीठ एकपट आहे की दीडपट? माहीत नाही. कळायचा मार्ग नाही. शेवटी तिनं नळ सोडला. आई, कानावर हात ठेव, ती मोठ्यानं म्हणाली, आणि भाजी धुतली. एकदा, दोनदा, आणि मग भीतीनं तिसऱ्यांदा. बाकी सगळं तिनं डोळ्यांनी आणि कानांनी केलं. मोहरी तडतडायची कधी थांबते, व्हिनेगरची वाफ डोळ्यांना कितपत झोंबते, हळदीचा रंग त्या जुन्या बसच्या पट्ट्यासारखा कधी येतो, पाक चमच्यावरून कसा उतरतो. आठ बरण्या झाल्या. त्या खिडकीत मांडल्या तेव्हा ऊन त्यांच्यातून पिवळं होऊन जमिनीवर पडलं. चांगल्या दिसत होत्या. पण चांगलं दिसायला काय लागतं? मागच्या वर्षीच्याही दिसत होत्या. पुढचे पाच दिवस ती त्यांच्याकडे येता-जाता बघत राहिली. नेऊच नयेत, हाही विचार आला. गुपचूप बर्फ न्यावा, खुर्चीत बसावं, लोकांनी पाणी विचारावं, पायावर शाल घालावी. असं करून पुढं किती वर्षं निघतील, दहा? पंधरा? सगळे गोड बोलतील. मीठ चुकेल, पण शाल नको.

चार तारखेला दुपारी ती लेमुएलच्या मागच्या अंगणात शिरली तेव्हा तेलाच्या पिंपाची शेगडी धूर ओकत होती, तो धूर तिच्या डोळ्यांत गेला आणि नाकातून मुकाट निघून गेला. टेबल मांडलेलं होतं. चुकीचं. पाव शेवटी, सॉस सगळे एका कोपऱ्यात कोंबलेले, आणि मधे टोपलीत त्या पुड्या. व्हर्लीननं काखेतली कागदी ताटल्यांची दोन पाकिटं खाली ठेवली नाहीत. दुसऱ्या हातात बरण्यांची पेटी होती.

"आत्या, अगं हे काय? तुला तर फक्त–"

"आणलाय की बर्फ. बाहेर टॅक्सी उभी आहे, तिच्यात चार पिशव्या. कुणाला तरी पाठव उचलायला." आणि तिनं बीन्स आणि पालेभाजीच्या मधे जागा केली, बरणीचं झाकण फिरवलं, आणि चाऊ-चाऊ आईच्या निळ्या वाडग्यात ओतलं. जवळच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "वा, व्हर्लीन," त्यांतली एक म्हणाली. तोच आवाज.

लेमुएलनं प्रार्थना म्हटली, नेहमीसारखी लांबलचक, तिच्यात कोंबडीचेही आभार मानले. आमेन झालं, रांग लागली, आणि रांगेच्या तोंडाशी कुणीतरी विचारलं, "ताटल्या कुठायत?"

"माझ्याकडे," व्हर्लीन म्हणाली. दोन्ही पाकिटं छातीशी धरून ती टेबलाच्या टोकाला उभी होती. "जोनेलनं मला ताटल्या दिल्यात ना? त्या मी द्यायच्या तेव्हा देईन. आधी एक काम आहे." तो आवाज तिनं निवृत्त झाल्यापासून सात वर्षांत काढला नव्हता. मागच्या दाराशी लोंबकळणाऱ्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज. शेजारच्या अंगणातला कुत्राही गप्प झाला. "मागच्या वर्षी माझं चाऊ-चाऊ तुम्ही सगळ्यांनी कचऱ्यात टाकलंत. मी पिंपात बघितलं. त्यात काय वाईट होतं ते मला कुणीतरी सांगा, आणि यंदाचं माझ्यासमोर खा आणि खरं बोला. तोवर ही गाडी हलणार नाही."

"ताई," लेमुएल चिमटा हलवत शेगडीजवळून ओरडला, "सणासुदीला हे काय काढलंस? बरगड्या सुकतायत!"

"मग लवकर बोला."

"चांगलंच होतं की," रांगेतला तो मामेभाऊ म्हणाला, सरबतवाला. "मला तर आवडलं होतं."

"खोटं. तुला ताटली नाही. मागे जा." आणि तो खरोखर मागे गेला.

जोनेल जवळ आली, तिनं दंडावर हात ठेवला. "आत्या, आपण आत जाऊन शांतपणे बोलू या का?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या, ते व्हर्लीनला दिसलं, पोरगी वाईट नव्हती. तरी तिनं दंड सोडवून घेतला.

"आत जाऊन बोलायचं ते तुम्ही वर्षभर बोललात, माझ्यावाचून. आता बाहेर बोला. माझं डोकं गेलं नाहीये, जोनेल. आज मंगळवार आहे. गेलीय ती माझी जीभ. नाक आणि जीभ, दीड वर्ष झालं. मला साखर आणि वाळू सारखीच लागते. मागच्या वर्षी मी दोनदा मीठ घातलं आणि मला ते कळलं नाही. पण तुम्हाला कळलं होतं! तुम्हा चाळीस जणांना चाळीस जिभा आहेत. एकीनं तरी मला सांगायचं होतं."

बर्फाची पिशवी कुठंतरी खचली. व्हर्लीननं पाकिटं छातीशी आणखी घट्ट धरली. बास, संपलं, तिच्या मनात आलं. आता शाल आणतील.

तेवढ्यात रांग फोडून ऑपल पुढं आली, मॅकरोनीचा डाव हातात, कपाळाला आठ्या. "दीड वर्ष? म्हणजे माझ्या नारळाच्या केकला अहाहा केलंस ते काय होतं?"

"खोटं होतं."

"दोन तुकडे खाल्लेस!"

"रुई खाल्ल्यासारखे खाल्ले."

"बया, बया, बया!" ऑपलनं डाव टेबलावर आपटला. "त्या केकवर मी मेले दोन दिवस घालवले! आणि वर मला सांगतेय खरं बोला! हे घे खरं. खारट होतं तुझं ते. खारट म्हणजे काय, जीभ सोलून निघाली. तुझा भाऊ रात्रभर नळाला तोंड लावून होता. बरण्यांतलं उरलेलं मी माझ्या हातानं सांडपाण्यात ओतलं, आणि ओतताना रडले, गाढवे, कारण मला वाटलं तू चाललीस. तुझ्या आईसारखी. मला वाटलं पुढच्या वर्षी तू मला ओळखणार नाहीस."

"तुला न ओळखायचं भाग्य कुठलं माझं," व्हर्लीन म्हणाली.

ऑपलनं डोळे ॲप्रनला पुसले. मग चमचा उचलला, निळ्या वाडग्यात खालपर्यंत घातला, भरून काढला आणि तोंडात टाकला. सगळं अंगण तिच्या जबड्याकडे बघत होतं. ती सावकाश चावत होती, एकदा थांबली, पुन्हा चावायला लागली. साठ वर्षांपूर्वी आईला चमच्यापलीकडे कसं वाटत असेल ते व्हर्लीनला आत्ता कळत होतं.

"मोहरी बरोबर आहे," ऑपल म्हणाली. "साखर बरोबर आहे."

"चांगलं झालंय म्हणालीस तर कानाखाली देईन."

"कोण म्हणतंय चांगलं? मीठ कमी आहे. अळणी झालंय पार. धुतलंस की काय?"

"तीनदा."

"शोभलं."

टेबलावर मिठाची बाटली होती. व्हर्लीननं ताटल्या काखेत मारल्या, बाटली उचलली आणि वाडग्यावर धरली. "मी घालते. कुठं थांबायचं ते तू सांग." तिनं मीठ शिंपडलं, ढवळलं. ऑपलनं चाखलं.

"अजून."

रांगेत कुणीतरी कुरकुरलं, तशी दोघींनी एकदमच मान वळवून बघितलं, तो गप्प झाला. व्हर्लीननं पुन्हा शिंपडलं, तळापासून ढवळलं. ऑपलनं डोळे मिटून चाखलं.

"जरासं."

तिनं चिमूटभर घातलं.

"बास," ऑपल म्हणाली.

व्हर्लीननं बाटली खाली ठेवली, पुड्यांची टोपली उचलून पोरांच्या टेबलावर पाठवली, आणि दातानं ताटल्यांचं पाकीट फोडलं.